वरकुट्याचा डबा

अकरावीला मी बारामतीत खोली करून राहिलो, तेव्हा माझं जेवण रोज इंदापूर तालुक्यातून एसटीनं यायचं. हे सांगितलं की माझ्या मुलीला गंमत वाटते. तिचं जेवण मोबाईलवर बोट फिरवलं की दारात येतं. त्या काळी बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांची रीत अशी होती, की घरच्यांनी सकाळी डबा भरायचा, फाट्यावर नेऊन कंडक्टरच्या हवाली करायचा आणि पोरानं बारामतीच्या स्टँडवर जाऊन तो घ्यायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. त्याला तिकीट नव्हतं, पावती नव्हती. मी इतकी वर्षं हिशेबतपासणीचं काम केलं, आणि रोज इतके डबे या गावातून त्या गावात जातात नि एका सहीचा पुरावा मागे राहत नाही ही गोष्ट माझ्या डोक्याला अजून पटत नाही. पण डबे हरवत नव्हते हेही खरं आहे, आणि खरं ते लिहिलं पाहिजे. माझाही डबा कधी हरवला नाही. तो रोज वेळेवर आला आणि रोज रिकामा होऊन घरी गेला.

आमचं घर वरकुट्याच्या शिवारात, गावापासून बाजूला, रानातच. थोडा भाजीपाला, थोडे पेरू. पहाटे विहिरीवरची मोटर सुरू व्हायची आणि तिच्या घरघरीत आईच्या भाकरीचा थापथाप आवाज मिसळायचा. मी घरी असलो की त्या दोन आवाजांनीच जागा व्हायचो. आबा, म्हणजे माझे वडील, गवार नाहीतर भेंडी बाजारासाठी पोत्यात भरत बसलेले असायचे, आणि त्यातली कोवळी मूठभर आईच्या पुढ्यात टाकायचे. "ही कुंडलिकच्या डब्याला," म्हणायचे. बाजाराच्या मालातला पहिला वाटा माझ्या डब्याचा. आई ती गवार हातानं मोडायची, चाकू लावायची नाही, आणि दाण्याचा कूट घालून इतकी शिजवायची की कडेला तेल सुटायचं. तीन ताळी स्टीलचा डबा होता. वरच्या ताळीत ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी, मधल्यात भाजी, खालच्यात मटकीचं नाहीतर वाटाण्याचं कालवण. भाकरी वेगळ्या, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या कडीला बांधलेल्या. आबा तो डबा सायकलच्या हँडलला अडकवून फाट्यावर न्यायचे, आणि कालवण सांडू नये म्हणून खडीच्या रस्त्यावर खाली उतरून सायकल ढकलत चालायचे.

मी लहानपणापासून बोलताना अडतो. आता बरंच कमी झालंय. तेव्हा फार होतं. त्यातही 'क' म्हणजे माझा वैरी, आणि माझं नाव कुंडलिक कदम. घरच्यांनी यावर आपल्या परीनं एक उपाय काढला होता. मी अडलो की पुढचं ते बोलून टाकायचे. "आई, मला..." म्हटलं की आई म्हणायची, "भूक लागली, व्हय?" आणि मी मान हलवायचो. "आबा, शाळेत..." की आबा म्हणायचे, "सुट्टी हाय, व्हय? बरं झालं, पेरूला पाणी द्यायचंय." कधी ते बरोबर असायचं, कधी नसायचं. पण चुकीचं असलं तरी ते खोडून काढायला पुन्हा बोलावं लागलं असतं, त्यापेक्षा मान हलवणं सोपं. मला पेन हवं असायचं आणि चहा मिळायचा. मी चहा पिऊन गप्प बसायचो. सगळं प्रेमापोटी चाललेलं होतं. त्यात कुणाची चूक धरावी असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बारामतीच्या स्टँडवर मात्र मान हलवून भागत नव्हतं. गाडी लागायची तेव्हा उतरणारे एका दारात अडकलेले, परत इंदापूरकडे जाणारे खिडकीतून जागेवर रुमाल टाकत असलेले, आणि त्यातच आम्ही डबेवाली पोरं कंडक्टरच्या खिडकीखाली. कंडक्टरला गाडीची नोंद करायला जायची घाई. तो एकेक डबा उचलायचा, आणि ज्यानं गावाचं आणि आपलं नाव ओरडून सांगितलं त्याच्या हातात द्यायचा. "लासुर्णे, थोरात!" "निमगाव, भोंग!" की डबा खाली. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यात शेवटी उभा राहायचो आणि उरलेला एकच डबा माझा, म्हणून तो मिळायचा. मग एक दिवस शेजारच्या खोलीतला पप्या माझ्याबरोबर आला. पप्या म्हणजे प्रदीप, माझ्याच वर्गातला, अंगानं दणकट, मेसवर जेवणारा आणि मेसच्या पातळ आमटीला रोज शिव्या देणारा. मी नावाशी झटापट करत असताना त्यानं मागून खणखणीत आवाज दिला, "वरकुटे, कदम!" डबा त्याच्या हातात आला. "कशाला तरास घेतो? मी हाय की," तो म्हणाला. खोलीवर येऊन त्यानं त्यातली एक भाकरी खाल्ली. मी खुशीनं दिली. मला वाटलं, दोस्त मिळाला.

पुढं तो आणि त्याचे दोन सोबती रोज येऊ लागले. मी तिथं पोचायच्या आत माझं नाव ओरडलं जायचं. कंडक्टरला काय, नाव बरोबर, गाव बरोबर. डबा खोलीवर नेऊन ते तिघं गोल बसायचे आणि मला समोर उभं करायचे. माझं नाव त्यांनी 'स्टार्टर' ठेवलं होतं, कारण विजेचा दाब कमी असला की विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर नुसताच कट-कट-कट करतो आणि मोटर उचलत नाही, तसा मी. "दाब बटन, स्टार्टर! म्हण, पप्याशेठ भाकरी द्या." मी 'पप्याशेठ' कसाबसा म्हणायचो, 'भाकरी'च्या 'भ'वर अडायचो. "आरं, लाईट गेली वाटतं!" "फेज उडाला फेज!" ते हसत हसत खात राहायचे. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडेपर्यंत फडकं रिकामं झालेलं असायचं. कधीतरी अर्धी भाकरी नि चटणीचा गोळा राहायचा. तोही राहिला की राहू दिला, हे मला कधी कळलं नाही.

मग डबा घासायचं काम माझं. नळाखाली धरायच्या आधी मी ताळीच्या कडेला चिकटलेलं कालवण बोटानं पुसून खायचो. आईच्या हाताची चव त्या बोटावर पूर्ण यायची, आणि त्यानं भूक आणखी पेटायची. मी चहात पाव बुडवून दिवस काढायचो. पण मला जेवणापेक्षा जास्त आठवतं ते बसता न येणं. वर्गात माझा पाय बाकाखाली सारखा हलायचा. गाडीची वेळ जवळ आली आणि सुट्टी झाली की मी स्टँडकडे पळायचो, पोचल्यावर पुन्हा मागं फिरायचो, रसवंतीपर्यंत जायचो, परत यायचो. संध्याकाळी खोलीवर जायचं नको म्हणून कालव्याच्या कडेनं चालत सुटायचो. कुठं जायचंय हे माहीत नसताना इतकं चालल्याचं मला दुसऱ्या कुठल्याही काळात आठवत नाही. आजही मी गाडीच्या वेळेच्या फार आधी स्टँडवर जातो आणि तिथं बसू शकत नाही. बायको म्हणते, "अहो, जरा टेका की." मी टेकतो आणि उठतो.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी घरी जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो, की आईला सांगायचं. ती चुलीपुढं होती. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, "आई, डबा... मला डबा..." माझा शब्द अडला.

"पुरत न्हाय, व्हय?" आईनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तसा क्वचित पाहिलाय. "मला वाटलंच! डबा कसा चाटूनपुसून येतो. आवो, ऐकलं का? पोराला डबा पुरत न्हाय!"

"वाढीचं वय हाय," आबा ओसरीवरून म्हणाले. "दोन भाकरी जास्त लाव."

मी मान हलवली. चारच्या सहा भाकरी झाल्या. पुढच्या खेपेला काही न विचारताच सहाच्या आठ झाल्या, आणि डब्याच्या कडीला तळलेल्या मिरच्यांची वेगळी पुडी आली. आई शेजारणींना सांगायची, "कुंडलिक आता चांगलं जेवतोय. हितं असताना निस्ता चिवडत बसायचा." मी वाळलो होतो हे तिला दिसत नव्हतं असं नाही, पण त्याचं कारण तिनं अभ्यास ठरवलं होतं. आणि तिकडं पप्या ढेकर देऊन म्हणायचा, "स्टार्टर, तुझ्या आईला आमची लई काळजी हाय बघ."

दिवाळी जवळ आली तसा माझा धीर सुटला. घरी गेलो, तर आबा पेरूच्या बागेत होते. मी त्यांच्याबरोबर ओळीतून चालत होतो, हात रिकामे ठेवता येईनात म्हणून वाळकी पानं तोडत. म्हणालो, "आबा, बारामतीला मला..." आणि थांबलो. आबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यांनाच ते सोसवेना.

"जमत न्हाय, व्हय?"

मी मान हलवली. कारण ते खोटं नव्हतं, आणि सबंध खरं सांगायला मला फार शब्द लागले असते.

आबा एका झाडाखाली बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शिकला असतास तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "आपल्यात कुणी कॉलेजची पायरी चढलं न्हाय. पण जिवाला तरास करून घेऊ नगं. सहामाही तेवढी दे आन् दिवाळीला सामान घिऊनच ये. मी ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवतो, तुला शिकवंल." एवढं बोलून ते उठले आणि पुन्हा कामाला लागले. असं माझं शिक्षण एका मान हलवण्यानं संपलं. मला कॉलेज सोडायचं नव्हतं. जमाखर्चाचा विषय मला आवडत होता. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की जे वाटतं, ते मला दुसऱ्या कशातच मिळत नव्हतं. पण हे कुणाला, किती वेळात सांगणार?

रविवारी संध्याकाळी परत आलो. दुसरा दिवस सोमवार. जमाखर्च शिकवणाऱ्या सरांनी त्या दिवशी हजेरी घेताना एक गोष्ट केली. वर्गात रोज "हजर सर" म्हणायची पद्धत होती, आणि माझा नंबर आला की मागच्या बाकांवरून स्टार्टरचा कट-कट आवाज यायचा. सरांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "आजपासून कुणी ओरडायचं नाही. नुसता हात वर करायचा. माझं डोकं दुखतं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझा नंबर आला, मी हात वर केला, पुढचा नंबर पुकारला गेला. एवढंच झालं. त्यांचं डोकं खरंच दुखत होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण पूर्ण तास माझा पाय बाकाखाली हलला नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

त्याच दिवशी स्टँडवर दुसरी गोष्ट झाली. माझ्या वर्गात नंदा नावाची एक मुलगी होती, वडगाव निंबाळकरची. तिचा डबा दुसऱ्या गाडीनं यायचा, आमच्या गाडीच्या आगेमागे, त्यामुळे ती जवळच्या खांबापाशी उभी असायची. आम्ही कधी बोललो नव्हतो. मुलामुलींनी स्टँडवर बोलायचं म्हणजे गावात निरोप पोचायचा. गाडी लागली. पप्या पुढं घुसला आणि ओरडला, "वरकुटे, कदम!" कंडक्टरनं, त्यांना सगळे चोपडेमास्तर म्हणायचे, डबा उचलून खिडकीबाहेर धरला. तेवढ्यात नंदा खांबापासूनच म्हणाली, "मास्तर, कदम ह्यो न्हाय. त्यो मागं उभा हाय त्यो."

पप्या गर्रकन वळला. "तुला काय करायचंय गं? तुझा कोण लागतो?"

"कोण न्हाय लागत," नंदा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "डबा त्याचा हाय, एवढंच सांगितलं." तिची गाडी येत होती, ती तिकडं निघून गेली. तिला पुढं कितीतरी दिवस त्या एका वाक्यावरून चिडवलं गेलं.

चोपडेमास्तरांनी डबा खिडकीतून आत घेतला. "आमी रूमवाले हाय, मास्तर. एकच हाय समदं," पप्या हसत म्हणाला. मास्तर खाली उतरले. पन्नाशीचा माणूस, खांद्याला चामडी पिशवी, एका हातात तिकिटाचा पेटारा, दुसऱ्या हातात माझा डबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कदम का रं? नाव सांग आन् घे."

मी तोंड उघडलं. 'क' घशात बसला. मागं कट-कट सुरू झालं, कुणीतरी "फेज गेला!" म्हणालं, हशा झाला. खिडकीतून एक पागोटंवाला ओरडला, "मास्तर, द्या की त्या पोराला आन् नोंद करून या! गाडी कवा काढायची?" मला वाटलं, आता मास्तर म्हणतील, "कदमच ना? घे." चांगल्या माणसांनी माझ्यासाठी आजवर तेच केलं होतं. मी मान हलवायच्या तयारीत होतो.

मास्तर काही बोलले नाहीत. ते हसले नाहीत, कपाळाला आठी घातली नाही, मला धीरसुद्धा दिला नाही. पेटारा त्यांनी पायापाशी ठेवला आणि ते असे उभे राहिले, जणू मी खिशात सुट्टे पैसे शोधतोय आणि ते सापडेपर्यंत थांबायचंच असतं. पागोटंवाला पुन्हा ओरडला. मास्तर मान न वळवता म्हणाले, "पाव्हणं, डबा दिल्याबिगर गाडी हालत न्हाय. बसा निवांत." आणि पुन्हा माझ्याकडे पाहत उभे राहिले. मागचं कट-कट हळूहळू बंद पडलं. ज्याच्यापुढं करायचं तो माणूस हसतच नसेल, तर नक्कल तरी किती वेळ चालणार?

"क... क... कुंडलिक," मी म्हणालो. "क... कदम. वरकुटे."

"घे," मास्तर म्हणाले. "उद्यापास्नं तुझ्याच तोंडून ऐकल्याबिगर कुणाला देणार न्हाय." पेटारा उचलला आणि नोंद करायला गेले. त्यांनी शाबासकी दिली नाही, पाठ थोपटली नाही. मला ते फार बरं वाटलं.

मी डबा घेऊन खोलीवर गेलो नाही. स्टँडच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा कट्टा होता, तिथं बसलो. पप्या थोडा वेळ लांबून बघत उभा राहिला, मग निघून गेला. फडकं सोडलं तर आत आठ भाकरी, कडा अजून मऊ. गवारीची भाजी होती, खाली मटकीचं कालवण, त्यावर लाल तवंग. मी इतक्या घाईनं सुरुवात केली की पहिला घास घशात अडकला. मग सावकाश खाल्लं. चौथ्या भाकरीला पोट भरलं. इतक्या दिवसांत पोट लहान झालं असावं, किंवा मुळात मी चारच भाकरींचा माणूस होतो. उरलेल्या चार भाकरींचं काय करावं कळेना. टाकायचं धाडस नव्हतं, दुसऱ्याला देण्याइतकी कुणाशी ओळख नव्हती. संध्याकाळच्या गाडीनं मी त्या तशाच फडक्यात बांधून परत पाठवल्या. त्याचा काय अर्थ निघेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी लागली तर कंडक्टरच्या मागच्या जागेवर आई बसलेली. मांडीवर डबा, काखेत पिशवी, आणि चेहरा उतरलेला. एवढ्या महिन्यांत डब्याबरोबर भाकरी पहिल्यांदाच उरून परत गेल्या होत्या. ज्या दिवशी मी पोटभर जेवलो, नेमक्या त्याच दिवशी घरी कुणी जेवलं नव्हतं. ती उतरली आणि गर्दीतच माझ्या गळ्याला हात लावून ताप बघू लागली.

"चार भाकरी तशाच आल्या. काय हुतंय तुला? पोट दुखतंय? कावीळ तर न्हाय? डोळं दाखव."

"न्हाय, आई. मी..."

"जेवण जात न्हाय, व्हय? आरं मग कळवायचं का न्हाय? चल, आत्ताच घरला चल. सामान मागनं आणू."

तेवढ्यात पप्या आला. बाई कोण हे त्याला माहीत नव्हतं. "काय स्टार्टर," तो म्हणाला, "काल एकट्यानंच हाणलं व्हय? आज काय हाय डब्यात? ती मागल्या बुधवारची मेथी असंल तर मला सोडून खाऊ नगंस. तसली मेथी मेसवाल्याच्या बापाला जमायची न्हाय."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली, आणि मी आयुष्यभर ऐकत आलो होतो त्याच सुरात म्हणाली, "तुझा दोस्त हाय, व्हय? दोघं मिळून जेवता, व्हय?" तिनं मला उत्तर आयतं करून दिलं होतं. तिच्या डोळ्यांत ते खरं असावं अशी आशाही होती. मला फक्त मान हलवायची होती. ती हलवली असती, तर ती निवांत झाली असती, पप्या हसला असता आणि दिवाळीला मी सामान बांधलं असतं.

मी मान हलवली नाही. आईला ते वेगळं वाटलं असावं, कारण ती पुढचा शब्द बोलता बोलता थांबली.

"न... न्हाय," मी म्हणालो. "दोस्त न्हाय."

"मग? भांडान झालं? त्यानं—"

"आई, थ... थांब." मी हात वर केला. आदल्या दिवशी सरांच्या तासाला केला होता तसाच. "मला ब... बोलू दे."

आम्ही कट्ट्यावर जाऊन बसलो. पप्या केव्हा सटकला ते मी पाहिलं नाही. मी सांगायला लागलो. फार वेळ लागत होता. प्रत्येक वाक्यात दोनतीनदा अडत होतो, आणि प्रत्येक वेळी आईचे ओठ पुढचा शब्द द्यायला उघडत होते. मग तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि ते तसंच धरून ठेवलं. कोण माझं नाव ओरडत होतं, भाकरी कुणाच्या पोटात गेल्या, फडकं रिकामं होईपर्यंत मला कुठं उभं करायचे, हे सगळं मी क्रमानं सांगितलं. आठ भाकरींचं आलं, तेव्हा तिनं डोळे मिटले. पण मधे बोलली नाही.

नोंद करून चोपडेमास्तर आले. गाडी भरली होती, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मास्तर दाराच्या पायरीवरून आमच्याकडे वळून ओरडले, "वहिनी, चला लवकर! इंदापूर गाडी सुटती! ह्याच्यानंतर संध्याकाळपत्तुर थेट गाडी न्हाय!"

मी तेव्हा सांगता सांगता कॉलेजच्या विषयावर आलो होतो. मला कॉलेज सोडायचं नाही, हे वाक्य माझ्या तोंडात अर्धं होतं, आणि त्यातला 'क' काही केल्या सुटत नव्हता.

आईनं पदर तोंडातून काढला. मास्तरांना हातानंच जा म्हणून खूण केली.

"जाऊ द्या गाडी," ती म्हणाली. "पोरगं बोलतंय माझं."